ओटीए चेन्नईला निघताना: ट्रंक नंतर भर, आधी पाय तयार कर

विचारणारी मुलगी सांगली जिल्ह्यातली आहे. इंजिनिअरिंग झालंय, एसएससी टेकमधून (सैन्यातल्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनची इंजिनिअरांसाठीची एंट्री) एसएसबी, म्हणजे निवडीचा इंटरव्ह्यू, आणि मेडिकल दोन्ही पार पडलं, मेरिट लिस्टमध्ये नाव आलंय आणि ऑक्टोबरच्या कोर्सला चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत, म्हणजे ओटीएत, जॉइन व्हायचंय. दोन महिने हातात आहेत, २.४ किमीला अजून पंधरा मिनिटं लागतायत, आणि तिचं म्हणणं एवढंच की सोबत काय काय न्यायचं त्याची यादी द्या. शिवाय आईने डिंकाचे लाडू करायला घेतलेत, ते चालतील का.

अगं पहिल्यांदा अभिनंदन. मी स्वतः ओटीएचीच, आणि पुढे तिथेच प्लाटून कमांडर, म्हणजे कॅडेटच्या एका तुकडीची प्रमुख, असताना नवीन पोरापोरींना ट्रंका ओढत आत येताना बघितलंय, त्यामुळे यादी देते पण नंतर देते, कारण सामानावाचून कोणाचं अडलेलं मी बघितलं नाही. टॉवेल कमी पडला, पॉलिश संपलं, तर आत कॅन्टीन आहे. नडगीचं हाड दुखावलं तर मात्र काही विकत मिळत नाही. ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं असतं, त्यात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बुडलं की रेलिगेशन, म्हणजे तुझे कोर्समेट पुढे जाणार आणि तू मागून आलेल्या कोर्सबरोबर, आणि कोर्स एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोनदाच सुरू होतात म्हणजे सरळ सहा महिने गेले. माझ्यासमोर जे रेलिगेट झाले त्यात अभ्यासात कच्चे फार थोडे, पायाने मागे पडलेलेच जास्त. म्हणून माझं सगळं सांगणं पायापासून सुरू होतं.

तुमच्या एंट्रीच्या नोटिफिकेशनमध्येच लिहिलेलं असतं की मुलींनी येताना २.४ किमी १३ मिनिटांत, १५ पुशअप्स, २ पुलअप्स, २५ सिटअप्स एवढं करता आलं पाहिजे, आणि पोहण्याची बेसिक माहिती पाहिजे. (मुलांना २.४ साडेदहा मिनिटांत.) बहुतेक जण हे वाचून पुढे जातात. तू पंधरावर आहेस, दोन महिन्यांत तेरावर येणं अजिबात अवघड नाही, पण लोक काय करतात, घाबरून रोज स्टॉपवॉच लावून २.४ पळतात, दहाव्या दिवशी नडगी दुखायला लागते, ती तशीच दामटतात आणि दुखणं घेऊनच चेन्नईला उतरतात. तसं करू नकोस. आठवड्यातून तीन-चार दिवसच पळ. त्यातला एक दिवस लांब आणि सावकाश, ५-६ किमी, शेजारणीशी बोलता येईल इतक्या हळू. एक दिवस ४०० मीटरचे सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं चालायचं. बाकी दिवशी साधं पळणं. दर आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांच्या आसपासच वाढव आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, पूर्ण म्हणजे पूर्ण. शाळेचं मातीचं ग्राउंड असेल तर डांबरी रस्त्यावर जाऊच नकोस, उसाच्या रानातली गाडीवाट पण चालेल, फक्त चाकोरीत पाय मुरगळू नये एवढं बघ. आठवड्यातून एकदा पाठीवर सॅक, त्यात ५ किलोपासून सुरुवात कर, आणि तासभर नुसतं झपझप चाल. सॅक घेऊन पळायचं नाही, ते तिथे गेल्यावर आहेच, बीपीईटी नावाच्या टेस्टमध्ये ५ किमी सामान आणि रायफलसकट असतं आणि नंतर दोर आणि ९ फुटी खड्डा. त्याची आत्तापासून रंगीत तालीम नको.

हे नीट वाच, मुली म्हणून आपल्याला जास्त लागू आहे. स्क्वॉडमध्ये पळताना किंवा रूट मार्चला पुढचा मुलगा सहा फुटी असतो आणि त्याच्या पावलाला पाऊल लावायला आपण ढांगा टाकायला लागतो. त्याने कंबरेच्या आणि मांडीच्या हाडावर ताण येतो, मुलींमध्ये तिथली स्ट्रेस फ्रॅक्चर्स होण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे. पावलं छोटी आणि भरभर टाकायची सवय आत्ताच लाव. आणि नडगीचं दुखणं ओळखायला शिक: सगळ्या नडगीवर पसरलेलं दुखतंय, वॉर्मअप झाल्यावर कमी होतंय, तर विश्रांती आणि बर्फाने बहुतेक वेळा जातं. पण एका बोटाने दाबून दाखवता येईल असा एकच बिंदू हाडावर दुखतोय, रात्री झोपेतही ठणकतोय, तर त्याच दिवशी एमआय रूम, म्हणजे आतला दवाखाना, गाठायची. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, त्यावर जाऊ नकोस, दुखणं चालूच असेल तर पुन्हा जाऊन सांग. पोरी लपवतात कारण "एक्स्क्यूज", म्हणजे पीटी-ड्रिलमधून डॉक्टरी सूट, घेतलं की टोमणे बसतात. टोमणे दोन दिवस चालतात, फ्रॅक्चर बरं व्हायला महिने लागतात.

जायच्या आधी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि व्हिटॅमिन डी. मेडिकल बोर्डात फिट आलीस म्हणजे लोहाचा साठा भरलेला आहे असं समजू नकोस, आणि पळताना दम लागण्याचं कारण कित्येकदा फुप्फुसात नसून रक्तात असतं. कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आत्ताच सुरू कर, लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो. ट्रेनिंगमध्ये पाळी पुढे-मागे होते, काहींची थांबते, तेव्हा "बरंच झालं, कटकट गेली" असं म्हणणाऱ्या मी खूप बघितल्यात. ती बहुतेक वेळा खाणं कमी पडल्याची खूण असते आणि पुढचा भार हाडांवर येतो. दोन-तीन महिने गेले तर डॉक्टरला सांगायचं, लाजायचं काही कारण नाही.

आता शूज. रनिंग शूज आजच घे, निघायच्या आदल्या आठवड्यात नाही. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असा साइज घे, चेन्नईच्या दमटपणात पाय अजून फुगतात. रंग आणि प्रकार जॉइनिंग इन्स्ट्रक्शनमध्ये दिला असेल तोच, तिथे फॅशन चालत नाही. काळे लेदर शूज सांगितलेले असतील ते पण घरात रोज तासभर जाड मोजे घालून वापर, नाहीतर पहिल्याच आठवड्यात टाचा सोलून निघतील. डीएमएस बूट, म्हणजे सैन्यातले जाड सोलचे बूट, तिथे मिळतात, तरीही कॅम्पातल्या मिलिटरी दुकानातून एक जोड घेऊन त्यात चालायची सवय केलीस तर हरकत नाही, पण नुसतं चालायचं, रस्त्यावर त्यात पळू नकोस.

फोड आला तर साल ओढून काढायची नाही. कडेने निर्जंतुक सुईने पाणी काढायचं, वरून टेप. झिंक ऑक्साइडची चिकट पट्टी मेडिकलमध्ये मिळते, दोन रोल घेऊन ठेव, ती फोड यायच्या आधी लावायची असते हे बहुतेकांना नंतर कळतं. नखं सरळ काप, कोपऱ्यात गोल कापू नको. मोजे भरपूर घे, यादीत सहा जोड असतील तर दहा ने, ही एकच गोष्ट मी यादीपेक्षा जास्त न्यायला सांगते. कारण असं बघ, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पाऊस परत जातो तेव्हा चेन्नईत सुरू होतो, तिथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. धुतलेले मोजे वाळत नाहीत, ओले घातले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या आणि जांघेत नायटा, आणि पहिल्या टर्मला अर्धी प्लाटून खाजवत असते. अँटीफंगल पावडर ने, रोज रात्री पाय कोरडे करून लाव. स्टेरॉइडवाली मिक्स क्रीम्स दुकानदार सर्रास देतात, त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो, ती घेऊच नकोस.

उन्हाबद्दल. पारा ३२-३३ दाखवत असला तरी समुद्राकाठी घाम अंगावरच राहतो, उडत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. सांगलीकडच्या कोरड्या हवेतल्या शरीराला याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पहाटेऐवजी सकाळी नऊ-दहाला किंवा दुपारी चारला पळ, हळू, पाणी पिऊन, सोबत कोणीतरी असू दे. तिथे गेल्यावर चक्कर, मळमळ, अंग गरम आणि बोलणं असंबद्ध, असं तुला किंवा शेजारच्या पोरीला झालं तर लगेच उस्तादांना, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांना, ओरडून सांगायचं, हिरोगिरी नाही, उष्माघाताने माणूस मरतो. फॅट बर्नर आणि प्री-वर्कआउट पावडरी जिमवाला गळ्यात मारेल, त्या अजिबात नको, उन्हात त्यांनीच घात होतो. ओआरएसची पाकिटं ने.

दोर आणि पुलअप्स हा मुलींचा नेहमीचा घोर. इथे आपल्याकडे एक सोय आहे जी पंजाब-हरियाणाच्या पोरींकडे सहसा नसते: गावात किंवा तालुक्याला व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब असेल तर तिथे जाऊन उभी राहा आणि शिकवणाऱ्यांना म्हण, मला आसनं नकोत, फक्त वर चढायला शिकवा. दोर हाताने चढत नाहीत, पायात आटी घालून उभं राहत चढतात, हे एकदा कळलं की निम्मा दोर झालाच. पुलअपसाठी स्टुलावरून बारला हनुवटी वर ठेवून सुरुवात कर आणि सावकाश पाच मोजत खाली ये, आठवड्यातून तीनदा, पाच-सहा वेळा. दोन महिन्यांत एक तरी निघतोच.

पोहणं येत नसेल तर क्लास लाव, कृष्णेत भावाच्या भरवशावर नको. विहिरीत पोहलेल्या पोरी पाण्याला भीत नाहीत, उडीचं तर त्यांना काहीच वाटत नाही, फक्त स्टाइल सुधारून घ्यावी लागते. तिथे उंच बोर्डवरून उडी मारायला लावतात आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांचे रविवार पूलवर जातात.

आता सामान, एकदाचं. पत्रासोबत जॉइनिंग इन्स्ट्रक्शन येतात, त्यातली यादी आणि आकडे हेच कायदा. व्हिडिओ बघून कोणी सांगितलेलं त्यात मिसळू नको. साधारणपणे पांढरे शर्ट, ट्राउझर्स, टाय, पीटीचे कपडे, बेडिंग, पॉलिशचं सामान असं असतं. काळी लोखंडी ट्रंक घे, पण रिकामी ट्रंक स्वतः उचलून बघ आणि मग घे, कारण भरल्यावरही ती तूच उचलणार आहेस. वर पांढऱ्या रंगात नाव घालून घे. कुलपाची एक चावी गळ्यात, एक पाकिटात. प्रत्येक कपड्यावर, मोज्यावर, बनियनवर सुद्धा, मार्किंग पेनने नाव टाक, धोब्याकडे पन्नास सारखे पांढरे शर्ट जातात. कपडे नवे असतील तर दोनदा धुऊन ने, रंग जातो, कडकपणा जातो. शर्ट थोडे ढगळ शिव, खांदे भरतात.

यादीत नसलं तरी ने: सुईदोरा आणि जादा बटणं, साधं डिजिटल घड्याळ अलार्मवालं (स्मार्टवॉच घरी ठेव), छोटा टॉर्च, चष्मा असेल तर आणखी दोन जोड आणि मागे बांधायचा पट्टा, स्पोर्ट्स ब्रा पाच-सहा आणि त्या घालून पळून बघितलेल्या, सॅनिटरी पॅड तीन महिन्यांचे कारण सुरुवातीला बाहेर पडता येत नाही आणि आत तुझा ब्रँड मिळेलच असं नाही. घरच्यांचे नंबर वहीत लिहून ने, सुरुवातीला फोन जवळ ठेवू देत नाहीत आणि आईचा नंबर पाठ नसलेली पोरं मी बघितलीयेत. दागिने, मेकअपचा डबा, इस्त्री न लागणारे म्हणून घेतलेले चकचकीत शर्ट, सगळं घरी. कॅबिनेट उघडून तपासणी होते तेव्हा जास्त सामान म्हणजे जास्त आवरायचं, एवढाच हिशोब.

केस. मुलींचे केस तिथे आखूड कापतात, मानेच्या वर. शेपटा असेल तर घरीच, ओळखीच्या बाईकडून कापून घे, आईला रडायचं असेल तर तिथेच रडून होईल, आणि तुलाही आखूड केसांत तोंड धुवायला-पुसायला किती वेळ वाचतो ते कळेल. पहाटेच्या दहा मिनिटांत हे फार कामाचं आहे.

दात तपासून घे. खरंच. अक्कलदाढ कॅम्पमध्येच दुखते.

कागदपत्रांत आपल्या मराठी लोकांचा हमखास घोळ म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव-वडील-आडनाव, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, डिग्रीवर आईचं नाव मध्येच. सैन्यात दहावीचं सर्टिफिकेट प्रमाण धरतात, त्याच्याशी बाकी सगळं जुळवून बघ, स्पेलिंगसकट, "शिंदे"ची तीन स्पेलिंग तीन कागदांवर असतात. काही चुकलं असेल तर आधार-पॅन दुरुस्तीला आजच लाव आणि ॲफिडेव्हिट करून ठेव. डिग्रीचं ओरिजिनल युनिव्हर्सिटीकडून आलं नसेल तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी स्वतः जाऊन उभी राहा, पोस्टाची वाट बघू नकोस. प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स, पासपोर्ट फोटो वीस तरी, आणि ट्रंकेत नाही, हातातल्या बॅगेत. बाँडवर सही करण्याआधी बाबांना वाचायला दे, स्वतःच्या मर्जीने ट्रेनिंग सोडलं तर खर्च भरून द्यावा लागतो, हे सही करणाऱ्या दोघांनाही माहीत पाहिजे. महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड आहे, पण मेस, कपडे वगैरे कापून हातात येतं आणि पहिल्या महिन्यात खर्च आधी येतो, त्यामुळे खात्यात थोडे पैसे असू देत.

भाषेची भीती तू विचारली नाहीस पण असणार. ड्रिलचे हुकूम आणि उस्तादांचं बोलणं हिंदीत, वर्ग आणि अधिकाऱ्यांशी बोलणं इंग्रजीत. आपली हिंदी ऐकून पहिले दोन आठवडे हसतात, नंतर तमिळ, मिझो, हरियाणवी सगळ्यांची मिळून एक वेगळीच हिंदी तयार होते. इंग्रजीसाठी रोज पेपरमधला एक अग्रलेख मोठ्याने वाच आणि मग न बघता दोन मिनिटं त्यावर बोल, आरशासमोर नको, बहिणीसमोर. जेवायला काटा-सुरी लागते, घरी आठवडाभर पोळी-भाजी पण त्यानेच खा, भाऊ हसेल, हसू दे, तिथे दहा मिनिटांत पोटभर जेवायला यायला पाहिजे आणि उपाशी उठणाऱ्या पोरीच आधी आजारी पडतात. मॅप रीडिंग इंजिनिअरला सोपं जातं, तरी हौस असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन मोफत मिळतात, आपल्या तालुक्याचा काढ आणि कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, बघून टेकडी ओळखायचा खेळ कर.

थोडं तिथलं माहीत असू दे म्हणून सांगते, आत गेल्यावर विचारतात. १९६२ च्या युद्धानंतर अधिकारी कमी पडले म्हणून पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढली, पुण्याचं बंद झालं, मद्रासचं राहिलं आणि १९८८ मध्ये त्याचं नाव अकॅडमी झालं. मुली १९९२ पासून. ज्या ड्रिल स्क्वेअरवर तुझे घोटे दुखणार आहेत तो मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या नावाचा आहे, तिथलेच माजी कॅडेट, महार रेजिमेंटचे, १९८७ मध्ये श्रीलंकेत कामी आले आणि परमवीर चक्र मिळालं.

निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस जोरात ट्रेनिंग बंद, नुसतं हलकं पळणं आणि झोप. रात्री दहाला झोपून पहाटे साडेचारला उठायची सवय महिनाभर आधीपासून. प्रवासाला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला जाऊन पुढे चेन्नई, किंवा पुणे-सोलापूर बाजूने मुंबई-चेन्नई गाडी, काहीही कर पण एक दिवस आधी शहरात पोच, त्या दिवसांत पावसाने गाड्या रखडतात. अकॅडमी सेंट थॉमस माउंटला आहे, एअरपोर्टच्या जवळच, सेंट्रल स्टेशनपासून मेट्रोने जाता येतं पण ट्रंक असेल तर टॅक्सीच बरी.

लाडू चालतील की. गाडीत खा, डब्यातल्या लोकांना दे, बेंगळुरूला उरले तर तिथे संपव. कॅबिनमध्ये खायचं सापडलं तर बोलणी बसतात आणि चेन्नईच्या मुंग्या उस्तादांच्याही आधी शोधून काढतात. आईला सांग, पासिंग आउटच्या वेळी परत करून आण, तेव्हा सगळी प्लाटून खायला उभी असेल.

आणि सोडायला आख्खं घर येऊ नका, एक जण पुरे, गेटपाशी दोन मिनिटांत निरोप होतो आणि मागे वळून बघायला वेळ मिळत नाही. सगळ्यांच्या सुट्ट्या पुढच्या सप्टेंबरसाठी राखून ठेवा, परेड तेव्हा असते, आणि परेडनंतर पिपिंगला खांद्यावर स्टार लावायला आई-बाबा दोघं पाहिजेत. बाबांना सूट शिवायचा असेल तर शिवू देत, पण कापड पातळ घ्यायला सांग.